दुकान माझं, कागद नवऱ्याचे

मला बँकेने फसवलं. नवऱ्याने नाही, सासूबाईंनी नाही, आणि भाजीवाल्या म्हाताऱ्याने तर मुळीच नाही. त्याला थोडंसं मीच फसवलं होतं. बेरशेबातल्या एका बँकेने मी बाळंत झाले म्हणून मला कर्ज नाकारलं, आणि तेच कर्ज, त्याच दुकानासाठी, त्याच आठवड्यात माझ्या नवऱ्याला दिलं. खरं तर एवढ्यात गोष्ट संपते. पण कोकणातून इथे आलेल्या आमच्या ज्यू लोकांत मी 'मला फसवलं' म्हटलं की ऐकणारा आधी विचारतो, "तुला?" आणि मग हसतो. म्हणून सविस्तर लिहायला बसले आहे.

हसण्याचं कारण असं की मी फसणाऱ्यातली नाही. बेरशेबाच्या बाजारात शुक्रवारी सकाळी जाणाऱ्या बायका मला भोळ्या वाटतात. शुक्रवारी जायचं ते दुपारी, शनिवारचा शब्बाथ लागायला तासदीड तास उरला असताना. तेव्हा भाजीवाल्याला घरी जाऊन आंघोळ करायची असते आणि टोमॅटोला रविवारपर्यंत टिकायचं नसतं. त्या वेळी जो भाव सांगाल तो भाव. आमचे आजोबा रेवदंड्याकडे तेलाचा घाणा चालवायचे. घाण्यावरच्या माणसाला एक गोष्ट ठाऊक असते: तेल संपलं असं वाटल्यावरही अजून थोडं निघतं.

मी दहा वर्षांची असताना आम्ही मुंबईहून बेरशेबाजवळच्या येरुहामला आलो. सतराव्या वर्षी साबण-शाम्पूच्या कारखान्यात लागले. बाटल्यांना झाकणं लावायचं काम. अकरा वर्षांत मी त्या पट्ट्यावरची मुकादम झाले. झाकणं लावणाऱ्या चौदा बायका माझ्या हाताखाली. घरी मी चिकाचा हलवा करून विकायची. गव्हाचा चीक काढायचा, नारळाचं दूध घालायचं, आणि दंडाला गोळे येईपर्यंत ढवळायचं. आपल्या नव्याच्या सणाला, म्हणजे इथल्या वर्षारंभाला, रोश हशानाला, दिमोनापासून लोक माझ्याकडे हलव्याची ताटं सांगायचे. स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा उरायची नाही. नवरा ताटांवरून उड्या मारत चहा करायचा. तेव्हा मी ठरवलं, दुकान घ्यायचं. हलवा, पोहे, मसाले, पापड, लोणची. आणि पाटीवर, करारावर, परवान्यावर नाव माझं.

दुकान होतं एका मोरोक्कोच्या म्हाताऱ्याचं. तो तीस वर्षं भाजी विकत होता आणि आता नेतिवोतला मुलाकडे राहायला जाणार होता. जागा सरकारी गृहकंपनीची, म्हातारा भाडेकरू. त्याचा हक्क घ्यायचा तर त्याला किल्लीचे पैसे द्यायचे, अशी इथली रीत. त्याने सांगितले साठ हजार शेकेल.

"साठ हजारांत दुकानातून समुद्र दिसतो का?" मी विचारलं.

"येरुहाममध्ये समुद्र कुठला, बिन्ती?" बिन्ती म्हणजे त्याच्या भाषेत पोरी.

"तेच म्हणते मी."

चार आठवडे मी रोज कामावरून येताना त्याच्याकडे थांबले. एक दिवस फ्रीजचा आवाज ऐकून हळहळले. एक दिवस फरशी मोजली आणि काही न बोलता मान हलवली. तिसऱ्या आठवड्यात दिमोनाला एक दुकान बघून आले असं सांगितलं. दिमोनाला मी मावशीकडे गेले होते, पण वाटेत दुकानं दिसली होती, त्यामुळे अगदीच खोटं नव्हतं. म्हातारा बेचाळीसवर आला. वर एक वजनकाटा. हात मिळवताना त्याने माझ्या पोटाकडे बघितलं, सातवा महिना होता, आणि म्हणाला, "हे पोर पण भाव करतच बाहेर येणार. पण ऐक, नव्याच्या सणाच्या आधी पैसे हवेत. लॉटरीवाला टपून बसलाय. तो साठ देत नाही, पण रोख देतो."

पंधरा हजार माझ्याकडे होते. सत्तावीस बँकेकडून घ्यायचे होते. कारखान्याचे पगार ज्या बँकेत जमा व्हायचे त्या बेरशेबाच्या शाखेत माझं खातं होतं. नवऱ्याचंही तिथेच, पण वेगळं. लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात मी खाती वेगळी ठेवायचं ठरवलं, कारण माझा नवरा टोमॅटो भाव न विचारता घेतो. त्याचं खातं कायम मीनुसमध्ये, म्हणजे शून्याच्या खाली. या देशात त्याची कुणाला लाज नाही. लोक 'आज गरम आहे' म्हणतात त्या सुरात 'मी मीनुसमध्ये आहे' म्हणतात. मी मात्र अकरा वर्षांत एकदाही शून्याला शिवले नव्हते.

बँकेत खिडकीवरच्या बाईने माझे तलुश बघितले. तलुश म्हणजे पगाराची चिठ्ठी. या देशात माणसाच्या जातीपेक्षा तिला जास्त किंमत. तीन महिन्यांचे तीन तलुश, मुकादमाचा पगार, जादा तासांसकट. ती म्हणाली, काही अडचण नाही. मॅनेजरही केबिनमधून उठून आला. गोरा, बुटका, हाताच्या बाह्या दुमडलेला माणूस. त्याने माझ्याशी हात मिळवला, आगाऊ अभिनंदन केलं आणि मला एक गोळी दिली. लिमलेटची. "मंजूर," तो म्हणाला. "सही करा, पैसे तयार."

मी सही केली नाही.

इथे माझा नवरा आजही हसतो. हसू दे. त्यांनी सांगितलेला व्याजाचा दर अर्धा टक्का जास्त होता. आणि पहिल्या आकड्यावर सही करणं मला जमत नाही. तसं केलं तर मला जेवण जात नाही. मी म्हटलं, अर्धा टक्का कमी करा. मॅनेजर म्हणाला, विचार करतो. मी म्हटलं, करा, मी जूनच्या अखेरीला येते. बाळंतपण जुलैत होतं. हिशेब चोख होता. तीन-चार आठवडे बँकेला ताटकळत ठेवलं की ती नरम पडणार, हा माझा अंदाज. म्हातारा पडला होता की नाही?

पण पोर तीन आठवडे आधीच आली. मुलगी. जूनच्या मध्यावर, ऐन झळांच्या दिवसांत.

दवाखान्यातून घरी आले तर सासूबाईंनी दाराशी पाणी ओवाळून टाकलं, नातीचं तोंड बघितलं, आमच्या प्रेषिताचं, एलियाहू हन्नबीचं नाव घेतलं आणि दुसऱ्याच वाक्याला म्हणाल्या, "मुलगी. म्हणजे ऐंशी."

आमच्याकडे मुलगा झाला तर बाळंतीण चाळीस दिवस घरात, मुलगी झाली तर ऐंशी. उंबऱ्याबाहेर पाय नाही. तौरातीतला, आमच्या धर्मग्रंथातला हिशेब आहे. कोकणातल्या गावांत आमच्या बायकांनी तो शेकडो वर्षं पाळला आणि सासूबाई तो पेटीत घालून इथे घेऊन आल्या होत्या.

"आई, इथे बायका आठव्या दिवशी भाजी आणायला जातात," मी म्हटलं.

"जाऊं देत. त्यांचं ते जाणोत."

"मला बँकेत जायचंय. एकच सही आहे."

"ऐंशी म्हंजे ऐंशी."

"साठ करा."

"काय?"

"साठ दिवस. पुढच्या वेळेला मुलगी झाली तर पुरे ऐंशी बसेन, वर दोन."

सासूबाई नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "ह्यो काय बेरशेबाचा बाजार आहे? देवाशी भाव करतेस?"

"अब्राहामाने केला होता," मी म्हटलं. हे मला आयत्या वेळी सुचलं आणि फार आनंद झाला. "सदोम शहर वाचवायला त्याने देवाला पन्नास माणसांवरून दहावर आणलं."

"आणि वाचलं का सदोम?" सासूबाई म्हणाल्या.

आयुष्यात मी दोनच माणसांसमोर भावात हरले. त्यातल्या एक सासूबाई. आणि त्यांचा मला राग नाही, कारण त्यांनी पहिल्यांदा जो आकडा सांगितला तोच शेवटपर्यंत ठेवला. बँकेने तसं केलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती.

मग नवऱ्याला बेरशेबाला पाठवलं. "जा आणि विचारा, दर कमी केला का, आणि कागद घरी आणून सही करता येईल का." तो परत आला. दर कमी केला नव्हता. कागद घरी देत नव्हते. सही कर्जदाराने स्वतः येऊन करायची. "घाई नाही म्हणाले," नवरा म्हणाला. "मंजूर आहे, तुम्ही सावकाश या. सगळं बेसेदेर आहे." बेसेदेर म्हणजे ठीक. या देशात छप्पर गळत असलं तरी बेसेदेर. पण बँकेचं बेसेदेर वेगळं असेल, असं मला वाटलं. मी निश्चिंत झाले. सासूबाईंच्या हातची अळिवाची खीर खाल्ली, शेक घेतला आणि दिवस मोजले.

एवढ्यात जुलैमध्ये सरकारी विमा खात्याकडून बाळंतपणाच्या रजेचे पैसे आले. बारा आठवड्यांचा पगार एकदम, माझ्या खात्यात. रजेत मालक पगार देत नाही, सरकार देतं, आणि सगळा एकत्र देतं. खात्यात एवढी रक्कम मी कधी बघितली नव्हती. मी नवऱ्याला म्हटलं, "आता तर बँक माझ्या पाया पडेल."

नवरा म्हणाला, "बघू." तो ऑगस्टमध्ये मिलुइमला गेला. मिलुइम म्हणजे इथल्या पुरुषांना दरवर्षी काही दिवस सैन्यात जाऊन हजेरी लावावी लागते ती. अठ्ठावीस दिवस त्याने वाळवंटातल्या एका फाटकाची राखण केली. त्या फाटकातून कोणी आत गेलं नाही आणि कोणी बाहेर आलं नाही. सावलीत बसून सोंगट्या खेळला आणि दोन किलो वजन वाढवून आला. हे मुद्दाम सांगते आहे. पुढे लागेल.

ऐंशीवा दिवस सरला. एक्याऐंशीव्या दिवशी मी रीतीप्रमाणे स्नान केलं, चांगली साडी नेसले, पोरीला छातीशी बांधलं आणि सकाळची बेरशेबाची बस पकडली. ठरल्या दरावर सही करायची असं मनाशी ठरवून गेले होते. म्हणजे मी अर्धा टक्का सोडायला तयार होते. माझ्यासाठी हे केवढं होतं हे वाचणाऱ्याला कळणार नाही.

खिडकीवरच्या बाईने कॉम्प्युटरमध्ये माझा नंबर घातला आणि तिचा चेहरा बदलला. "तुम्ही काम सोडलंत?"

"नाही. बाळंत झाले." मी पोर दाखवली.

"मझल तोव," तिने अभिनंदन केलं. "पण पगार येत नाही."

"रजा आहे. चार दिवसांनी परत कामावर जाते आहे."

"शेवटचे तीन तलुश आणलेत?"

आणले होते. आमचा कारखाना शिस्तीचा. जूनचा तलुश अर्धा. जुलै आणि ऑगस्टचेही त्यांनी न विसरता छापून घरी पाठवले होते: माझं नाव, हुद्दा मुकादम, आणि रकमेच्या जागी शून्य, शून्य, शून्य. बाईने ती शून्यं बघितली आणि मला मॅनेजरकडे पाठवलं.

मॅनेजर तोच. बाह्या तशाच दुमडलेल्या. या वेळी गोळी नाही.

"गिवेरेत," तो म्हणाला, म्हणजे बाईसाहेब, "तुमचं उत्पन्न थांबलंय."

"थांबलं नाही. हे बघा, जुलैत जमा झालंय. तुमच्याच बँकेत."

"तो भत्ता आहे. पगार नाही."

"माझ्या पगारावरून मोजूनच दिलाय. पै-पैला तेवढाच."

"पण मालकाकडून आला नाही. कॉम्प्युटर मालकाकडून आलेले पैसे मोजतो."

"मग कॉम्प्युटरला सांगा."

"कॉम्प्युटरला सांगता येत नाही."

"मेमध्ये तुम्ही मंजूर म्हणाला होतात. हात मिळवला होतात."

"तेव्हा तीन चांगले तलुश होते. सही केली असतीत तर..." त्याने हात पसरले. "आता पुन्हा तपासावं लागतं. कामावर जा, तीन नवे तलुश आणा. डिसेंबरमध्ये या."

"डिसेंबरमध्ये तिथे लॉटरीची तिकिटं विकली जात असतील."

"आणि खरं सांगू?" त्याने आवाज मऊ केला. हा मऊ आवाज मला अजून आठवतो, आणि अजून डोकं तापतं. "आता तुम्हाला लहान मूल आहे. परत कामावर जाल की नाही, कोण सांगणार? सगळ्या बायका जाते म्हणतात. शिवाय तुम्ही कधी मीनुसमध्येही गेला नाहीत."

"तो गुन्हा आहे?"

"गुन्हा नाही. पण ज्याने कधी उधार घेतलं नाही त्याला आम्ही ओळखत नाही."

केबिनचं दार उघडं होतं. बाहेर रांगेत दहा-बारा माणसं होती आणि या देशात रांगेतला माणूस दुसऱ्याच्या कामात लक्ष घालणं आपलं कर्तव्य समजतो. डोक्याला रुमाल बांधलेली एक म्हातारी ओरडली, "दे रे तिला! पोर घेऊन उन्हात आली आहे, दगडाच्या काळजाच्या!"

तिच्या मागे हातात चामडी बॅग घेतलेला एक रशियन गृहस्थ होता, नुकताच या देशात आलेला. तो म्हणाला, "आमच्याकडे बाळंतिणीची नोकरी कुणी हलवत नसे. वर्षभर सुद्धा."

"मग इकडे कशाला आलास?" म्हातारी त्याच्यावरच उलटली.

"मी बायकोबरोबर आलो," तो म्हणाला.

मॅनेजर दार लावायला उठला आणि तेवढ्यात पोर जागी झाली. तिला भूक लागली होती. मी खुर्चीवर नीट मांडी घातली, पदर सावरला आणि तिला घेतलं. मॅनेजर दारापर्यंत गेला होता तो तसाच बाहेर राहिला. काचेतून त्याने दोनदा आत डोकावून बघितलं आणि दोनदा मान वळवली. माझी मुलगी सावकाश पिणारी. आम्ही दोघी पाऊण तास त्या केबिनमध्ये होतो. पंखा चांगला होता.

मध्ये टेबलावरचा फोन वाजला. वाजतच राहिला. पोर दचकायला लागली म्हणून मी उचलला.

"कर्ज विभाग?" एका पुरुषाचा आवाज.

"मॅनेजर बाहेर उभे आहेत," मी म्हटलं. "कर्ज हवंय का?"

"हो, गाडीसाठी."

"तुम्ही बाळंत झालात का?"

"काय?"

"झाला नसाल तर मिळेल. या."

मग शिपायाने येऊन फार अदबीने मला दरवाजापर्यंत सोडलं. त्या म्हातारीने पोरीच्या कपाळाचा मुका घेतला. मी तीनच्या बसने परत आले. वाटभर मी मॅनेजरला मराठीत जे जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. बसमध्ये कोणाला मराठी येत नव्हतं, असं मला वाटलं होतं, पण येरुहामला उतरताना मागच्या बाकावरची एक बाई म्हणाली, "बरोबर बोललीस गो बाय."

घरी आले. सणाला अकरा दिवस उरले होते. म्हाताऱ्याच्या दुकानासमोर लॉटरीवाला दाराची रुंदी मोजत होता, हे मी बसमधून उतरतानाच बघितलं होतं. मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, उद्या तुम्ही जा. फक्त विचारून या. दुसरी काही वाट आहे का, एवढंच."

माझ्या नवऱ्याचा पगार माझ्यापेक्षा कमी. बाटल्यांच्या कारखान्यात तो माल उचलायची गाडी चालवायचा. खातं मीनुसमध्ये, त्या महिन्यात जरा जास्तच, कारण मिलुइमहून येताना त्याने मित्रांना जेवण दिलं होतं. तो सकाळी आठच्या बसने गेला आणि दहाच्या बसने परत आला. मला वाटलं, त्याला आतच घेतलं नसेल.

"मिळालं," तो म्हणाला.

"काय मिळालं?"

"कर्ज. सत्तावीस हजार." त्याने कागद टेबलावर ठेवले आणि एक पाऊल मागे सरकला. "मी फक्त विचारायला गेलो होतो. त्यांनी बसवलं. कॉफी दिली."

"किती साखर?"

"दोन चमचे."

"आणि व्याज किती?"

तो चपला काढायला खाली वाकला.

"अहो, व्याज किती?"

"ते विचारायचं राहिलं."

मी कागद वाचले. मेमध्ये मला सांगितलेल्या दरापेक्षा एक टक्का जास्त. ज्या अर्ध्या टक्क्यासाठी मी एवढं केलं त्याच्या दुप्पट, आणि याने दोन चमचे साखरेत दिलं. पण माझा जीव अडकला तो दुसऱ्या पानावर. कर्ज दुकानाच्या तारणावर होतं, त्यामुळे दुकानाचा करार कर्जदाराच्या नावे हवा. कर्जदार तो. माझं नाव कुठेच नव्हतं. साक्षीदार म्हणूनही नाही.

आणि त्याचे तलुश बघा. जून, जुलै, ऑगस्ट, तिन्ही भरलेले. ऑगस्टमध्ये हा माणूस कारखान्यात तीन दिवस गेला होता. तीन! बाकीचे दिवस वाळवंटातल्या फाटकाजवळ. मी विचारलं, मिलुइमचे पैसे कोण देतं? तो म्हणाला, सरकारी विमा खातं. तेच खातं? तेच. पण ते पैसे कारखान्याला देतात आणि कारखाना ते पगारात घालून देतो, म्हणून तलुश मोडत नाही. मला ते सरळ माझ्या हातात देतात, म्हणून मी बेकार. एकाच तिजोरीतला पैसा. तो सोंगट्या खेळला तर पगार, मी माणूस जन्माला घातलं तर भत्ता.

त्या रात्री सासूबाईंनी आमटी वाढली आणि म्हणाल्या, "नाव कुणाचंही असूं दे, दुकान घरात आलं ना?" त्यांच्या दृष्टीने प्रश्न मिटला. नवऱ्याच्याही. तो म्हणाला, "तुला नको असेल तर मी जाऊन रद्द करून येतो." आणि तो खरंच गेला असता. म्हणूनच मी त्या कर्जाला हो म्हटलं. लॉटरीवाल्याने दार मोजलं होतं, हलव्यासाठी गहू भिजत घालायला चार दिवस उरले होते. मी माझं नाव सोडलं आणि दुकान घेतलं. आयुष्यातला हा एकच व्यवहार मी पहिल्या आकड्यावर केला.

गृहकंपनीच्या कचेरीत सही करताना भाजीवाला म्हातारा नवऱ्याकडे बघून म्हणाला, "हा कोण?"

"माझा नवरा."

"मी दुकान तुला विकलं. चार आठवडे माझं रक्त तू प्यायलीस. हा कधी आला?"

"तुम्ही सही करा, बाबा," मी म्हटलं. त्याने केली, पण जाताना दुकानाची किल्ली त्याने नवऱ्याला दिली नाही. माझ्या हातात दिली.

दुकान सणाच्या आधी उघडलं. पहिल्या आठवड्यात सत्तर ताटं हलवा गेला. त्यानंतर ते कधी बंद पडलं नाही. कारखाना मी दोन वर्षांनी सोडला. आता तेल अविवला नोकरी करणारी आमच्या लोकांची मुलंही शुक्रवारी आईबापांकडे येताना माझ्याकडून पोहे आणि मसाला घेऊन जातात. पण वीजबिल नवऱ्याच्या नावे येतं. पालिकेचा निरीक्षक येतो तेव्हा मालकाला बोलवा म्हणतो. एकदा नवरा नेमका दुकानात होता. निरीक्षकाने विचारलं, तुम्हीच मालक ना? हा म्हणाला, "कागदावर. बाकी तिला विचारा, मला लोणच्याचा भाव माहीत नाही."

नाव बदलून घे, सगळे म्हणतात. माझी मुलगीही म्हणते. मी मराठीत रागावते, ती हिब्रूत उत्तर देते: आई, वकिलाकडे जा आणि विषय संपव. गेले होते. वकिलाने त्याची फी सांगितली, गृहकंपनीची फी सांगितली, सरकारी कर सांगितला. म्हणजे माझं दुकान मी माझ्या नवऱ्याकडून पैसे देऊन विकत घ्यायचं. वकील फी कमी करायला तयार झाला, पार निम्म्यावर आला. मीच उठले. ज्या गोष्टीची किंमत शून्य असायला हवी तिच्यात निम्मं म्हणजे सवलत नव्हे.

कर्ज मी पाच वर्षांत फेडलं. एक हप्ता चुकला नाही. शेवटचा हप्ता गेल्यावर बँकेने नवऱ्याला अभिनंदनाचं पत्र पाठवलं, विश्वासू ग्राहक म्हणून, आणि सोबत एक चामडी डायरी. त्यावर सोनेरी अक्षरांत त्याचं नाव. त्याने ती मला दिली. मी त्यात उधारी लिहिते.

ते पत्र घेऊन मी बेरशेबाला गेले होते. बुटका मॅनेजर निवृत्त झालेला. त्याच्या जागी नवा, तरुण, नम्र. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "गिवेरेत, हे माझ्या आधीचं आहे."

मी म्हटलं, "व्याजही तुमच्या आधीचंच होतं. पण शेवटचं दीड वर्ष ते तुम्हीच घेतलंत."

तो म्हणाला, वर कळवतो. वर कोण बसतं मला माहीत नाही. अजून खाली काही आलेलं नाही.

लोक म्हणतात, अर्ध्या टक्क्याचा हट्ट केला नसतास तर. लोक म्हणतात, सासूचं ऐकून ऐंशी दिवस बसली नसतीस तर. त्यांना मी एवढंच विचारते की बाजारात विकणारा भाव सांगतो आणि घेणारा घासाघीस करतो, यात गुन्हा कोणता? आणि बाळंतीण घरात बसते, यात नवल कोणतं? मी माझ्या बाजूचं सगळं कबूल केलं आहे, वर लिहिलंय. आता दुसऱ्या बाजूने बोलावं. एकाच खात्यातून आलेला पैसा पुरुषाच्या हातात पगार आणि बाईच्या हातात भत्ता कोणी ठरवला? मंजूर म्हणून हात मिळवलेला माणूस तीन महिन्यांत मला ओळखेनासा का झाला? आणि तो जादा एक टक्का पाच वर्षं कशाबद्दल घेतला, कॉफीबद्दल? बँकेतल्या त्या केबिनमध्ये आज जो कोणी बसला असेल त्याने सांगावं. त्याला माहीत नसेल तर त्याच्या वरच्याने सांगावं. पत्र नको, डायरी नको. माणूस पाठवा. शुक्रवारी दुपारी दोनपर्यंत मी दुकानात असते, आणि मालक कुठे आहे असं त्याने विचारलं तर मला उत्तर मिळेपर्यंत मी त्याला बाहेर जाऊ देणार नाही.